माद्रीच्या अध्यायाची वेळ

या, चटईवर जरा जवळ सरका. भिक्खू गाऊन प्रवचन सांगू लागले की मी जग विसरते. पण एका वर्षी माझं निम्मं चित्त भलतीकडेच होतं... तेच सांगते.

आमच्या थाई मुलखात, रोई-एतकडे, सर्वस्व दान करणाऱ्या राजा वेस्संतराची कथा दिवसभर गातात. तेरा अध्याय, गावोगावचे भिक्खू, प्रत्येक अध्यायाला एक यजमान. त्याची राणी माद्री रानात, त्याने दान करून टाकलेल्या मुलांना शोधते, तो अध्याय कायम माझ्या आईचा. आई पावसाळ्यात गेली. कोणी कधी गायचं याचं वेळापत्रक तीच करायची, ते माझ्याकडे आलं.

लॅपटॉप सारखा अडायचा म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं, आणि आईचा तक्त्यांचा प्रोग्रॅमच चालेना! फुकटचा एक आणला, तर त्यात थाई मात्रा एकमेकींवर चढल्या. दुसऱ्याला सतत इंटरनेट हवं. भिक्खूंना तक्ते उद्याच पोचवायचे! रडवेली होऊन झेरॉक्सच्या दुकानात शिरले, ती थेट दुकानदाराच्या गार कॉफीवरच आदळले.

"सांडलीत ना?" तो हसला. "आता लॅपटॉप तरी दाखवा."

त्याचं नाव थिव. त्याने तिसराच फुकटचा प्रोग्रॅम टाकला. अक्षरं शहाण्यासारखी बसली. मी तारीख भरली मात्र—

"अहो, सोमवार कसा? प्रवचन शनिवारी आहे!"

"तुम्ही आपलं बुद्धसंवत लिहिलंत, २५६७. हा त्याला इसवी सन समजला. प्रवचन पाचशे त्रेचाळीस वर्षं पुढे गेलं."

"तोवर कोण थांबणार?"

"तुम्ही असाल तर... मी थांबेन."

माझे कान तापले. त्याने बौद्ध कॅलेंडर लावलं. शनिवार परत आला.

"माद्रीचा यजमान? रकाना रिकामाय."

"खामपेंग. माझी आई... ती आता—"

त्याने नाव सावकाश उमटवलं, आणि पंखा माझ्याकडे वळवला.

प्रवचनाच्या दिवशी आमच्याकडे एक दान न सांगता येतं. ढोल वाजवत कुणीतरी दानाचं झाड, म्हणजे वस्तू टांगलेली फांदी, आणतं, आणि त्या घडीला जे भिक्खू गात असतील त्यांना ते मिळतं. कुठल्याही तक्त्यात ते नसतं.

माद्रीचा अध्याय सुरू झाला. भिक्खूंचा आवाज हुंदक्यासारखा चढत होता, यजमानाच्या जागी मी एकटी... आणि फाटकात ढोल वाजला. पुढे थिव! घामाने भिजलेला, खांद्यावर फांदी, फांदीला चीवर, पंचे, साबण.

"नेमकी हीच वेळ कशी साधलीस?" मी कुजबुजले.

"तक्ते कुणी छापले?"

"लबाड! ही काय रीत झाली?"

"आईंच्या नावानं आणलंय, रागावू नकोस." मग खाली बघत, "पुढच्या वर्षी... दोघांनी मिळून आणू?"

"पुढच्याच वर्षी? तू तर पाचशे त्रेचाळीस वर्षं थांबणार होतास!"

"थांबवून बघ."

मी फांदीचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर घेतलं.

अजून दर वर्षी आम्ही दोघं ते तसंच नेतो. तुम्हीही कधी ती कथा ऐकलीत, आणि माद्री मुलांना हाका मारू लागली, तर क्षणभर माझ्या आईची, खामपेंगची, आठवण काढा.