काला मागच्या ओळीपासून

या, असे जवळ सरका. बोटांना दह्याचा वास आहे तोवर, हा काला ज्यांच्यामुळे आपल्या हाती आला त्यांची कथा सांगतो.

पहिलं यान शेजारच्या धाकट्या दीर्घिकेकडे निघालं होतं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. एवढ्या वेगात काळ संथ होतो. बाहेर पिढ्या सरतात तेव्हा आत एखाद्या लेकराचा दात पडतो. थांबायचं तर हायड्रोजनचा दाट ढग लागतो. यान चुंबकीय जाळं पसरून त्यात शिरतं आणि चिखलात गाडी रुतावी तसा वेग मरतो.

थंड, विद्युतभार नसलेला हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही. पण तो रेडिओलहरींत कुजबुजतो, एकवीस सेंटिमीटर लांबीच्या. कुजबूज जितकी मोठी तितका वायू जास्त. यानावर ती ऐकायचं काम हेमांगीचं.

एके दिवशी ती यानावरच्या कीर्तनकार गहिनीबुवांकडे आली. बुवा कीर्तनाचा काला कालवत होते.

"बुवा, पृथ्वीवरचं माप चुकलंय. त्यांच्या दुर्बिणीची नजर जाड होती. पाठीमागच्या थोरल्या दीर्घिकेचा वायू ह्या धाकटीच्याच नावावर पडला. वाटेवर ढग एकच आहे."

"एक पुरे की, पोरी. आपल्याला काय दोनदा उतरायचंय?"

"आपण जाळं पसरलं की ढग फाटतो. मागून ह्याच वाटेनं दुसरं यान येतंय. त्यांना वळता येत नाही. सगळे झोपलेत."

बुवांचा हात दह्यातच थांबला. "आणि आपण नाही थांबलो तर?"

"अन्न आहे, हवा आहे. उतरणं नाही."

बुवांनी ते कीर्तनात सांगून टाकलं.

"तुमचं झालंय जगून!" यानाचा वेल्डर धोंडीराम पुढच्या ओळीतून ओरडला. "आमच्या लेकरांनी कुठं उतरायचं?"

डोळे पुसत बुवांनी मडकं उचललं आणि मागच्या ओळीपासून काला वाटू लागले. पहिला घास मागच्याचा, हा त्यांचा नेमच होता. पुढं येईतो मडकं रिकामं झालं. धोंडीरामनं वाकून त्यात बघितलं.

"नका पसरू ते जाळं," तो म्हणाला.

यान ढगातून गेलं. साधा हिसकाही बसला नाही. हेमांगीच्या मांडीवर तिची लेक ओवी हलता दात जिभेनं ढकलत होती.

"आई, उतरायचं कधी गं?"

"उतरू हं."

हेमांगीच्या कानातली कुजबूज विरत गेली. मग काहीच उरलं नाही. एवढं सगळं तिनं मागच्यांना निरोपात कळवलं.

ते मागचे म्हणजे आपले पूर्वज. त्या ढगात ते थांबले. आपल्या कितीतरी पिढ्या झाल्या. पहिलं यान मात्र अजून चाललंय, आणि तिथं तो दात अजून पडलेलाही नसेल. ती पोर आजही विचारत असेल. विठ्ठलाला मी रोज विचारतो, तिला काय सांगू?

बाळांनो, काल्याचा पहिला घास घ्याल तेव्हा ओवीला आठवा.