शमसुद्दीनचाचांचे घट्टे

शमसुद्दीनचाचांचे गुडघे बरे झाले आणि त्यांची सारंगी बिघडली. आता याला काय म्हणावं!

अरुणस्नान न घेणारं घर मिरजेत शोधूनही सापडलं नसतं. अरुणस्नान म्हणजे काही देवधर्म नव्हे. तांबड्या दिव्यापुढे रोज थोडा वेळ बसायचं, बस्स. गावातली तिशीच्या आतली सगळी माणसं त्याच उजेडात वाढली होती. एकटे चाचा तेवढे हटून बसले होते. पण मैफलीत मांडी घालता येईना, तेव्हा त्यांनीही मुकाट्यानं दिवा लावून घेतला. दोन महिन्यांत मांडी झकास बसायला लागली आणि बोटांनी दगा दिला.

सारंगीची तार बोटाच्या टोकानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी घासत नेतात. तिथं घट्टा पडावा लागतो. चाचांनी तो अब्बांच्या तालमीत रक्त काढून कमावला होता. आता तिथं कोवळी कातडी आली होती आणि तार लागली की डोळ्यांत पाणी येत होतं.

चाचा तणतणत दवाखान्यात गेले. डॉ. शाल्मली कानेटकर, वय जेमतेम अठ्ठावीस, त्यांचं बोट भिंगाखाली धरून हरखून बघत राहिली. चाचांना रागच आला.

"पेशीत बारीक चुली असतात, चाचा," ती म्हणाली. "मायटोकाँड्रिया म्हणतात त्यांना. वयानं त्या मंदावतात. तांबडा उजेड त्यांना फुंकर घालतो आणि पेशी दुरुस्तीला लागते."

हातमोजा घालून बसलो तर, असं चाचांनी विचारलं. त्यानं काही साधणार नव्हतं. दुरुस्तीचा निरोप रक्तातून अंगभर फिरतो, असं तिनं समजावलं.

"पण घट्टा म्हणजे काय दुखणं आहे?"

"पेशीला इजा आणि रियाज यांतला फरक कळत नाही, चाचा."

चाचांनी त्याच दिवशी दिवा उतरवला. गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले, पण नखांच्या मुळाशी कातडी राठ व्हायला लागली. ते बघायला शाल्मली वरचेवर यायची, आणि बघता बघता तिलाच सारंगी शिकायची हौस आली. चाचा मनातून भलतेच खूश झाले. अब्बांचा बाज त्यांच्याबरोबर मातीत जाणार, हा घोर त्यांना कित्येक वर्षं लागला होता. आलेले शागीर्द महिना-दोन महिन्यांत रडकुंडीला यायचे, आणि हल्लीच्या पोरांना सोसायला नको असं म्हणून चाचा त्यांना हाकलून द्यायचे. ही पोरगी मात्र चिवट होती. रोज बोट फुटायचं, रोज ती पुन्हा बसायची.

एका सकाळी चाचांनी तिचा हात खिडकीशी नेला. कालच रक्त आलेलं बोट तान्ह्या बाळासारखं मऊ होतं. ना व्रण, ना राठपणा.

"दिवा बंद कर म्हणून सांगितलं होतं ना तुला?" चाचा कडाडले.

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी मी तो उतरवला," ती हळूच म्हणाली. "माझ्या पेशींना आता दिवा लागत नाही, चाचा. जन्मापासून उजेडात वाढलेल्या कुणालाच लागत नाही."

हाकलून दिलेली ती सगळी पोरं चाचांच्या डोळ्यांपुढे आली. त्यांनी तिचा हात तसाच धरून ठेवला. मग सारंगीचा गज तिच्या हातात दिला, आणि ती पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकायला बसली.