उजवीकडचा पाटा

बसा असेच. लाईट येईल तेव्हा येईल. कुंडलिक मिस्त्रीचं सांगतो. भवानी पेठेच्या अंगाला ज्याचं कमान-पाट्याचं दुकान आहे, तो. त्यानं जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

साल दोन हजार चोवीस. कार्तिक वद्य एकादशी, वार मंगळवार. दुपारी चारच्या सुमाराला कुंडलिकनं पाट्यांचे दोन नवेकोरे संच, जॅक, पाने, लाकडाचे ठोकळे असं सगळं आपल्या छोट्या टेम्पोत भरलं आणि अक्कलकोटच्या रस्त्याला लागला. पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांशी लोखंडी पट्ट्या एकीवर एक रचून कमानीसारख्या बांधलेल्या असतात ना, ते. मागचा सगळा भार त्यांच्यावर. त्यातला सगळ्यांत लांब, वरचा, तो मेन पाटा. तो गेला की गाडी गेली.

जायचं होतं बिरप्पाच्या वस्तीवर. बिरप्पा धनगर माणूस, शेरडा-मेंढरांचा. त्याच्याकडं पंधरा वर्षांची जुनी पिकअप. आठ महिने ती वस्तीवर नुसती उभी होती. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"गाडी चालती करायची हाय, मिस्त्री. पाटं तुमीच बसवा. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा न्हाय."

ते ऐकल्यापासून कुंडलिकच्या घशाखाली घास उतरला नव्हता. का, ते आधी सांगायला पाहिजे.

त्याच वर्षी मार्चमध्ये बिरप्पा हीच पिकअप घेऊन दुकानात आला होता. मागचे पाटे पार बसले होते, उजवीकडचा मेन पाटा तर झिजून कामातून गेलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला बकरी घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचं होतं. त्या मापाचा नवा पाटा दुकानात नव्हता, मागवला असता तर उद्या दुपारी आला असता. आणि नेमकी त्याच संध्याकाळी कुंडलिकच्या पूनमला बघायला पाहुणे यायचे होते. बायको केराबाईचे दोन फोन येऊन गेले होते, दुकान बंद करून लवकर घरी या म्हणून.

भंगारातल्या मालात एक पाटा मापाला लागत होता. कुंडलिकनं तो उचलला, उजेडात धरला. मधल्या भोकापाशी केसाएवढी चीर होती. तो घटकाभर बघत राहिला. मग ब्रश घेतला, चिरीवरून काळा रंग फिरवला आणि पाटा बसवून टाकला. मनाशी म्हणाला, आठ दिवसांत नवा मागवू, बिरप्पाला बोलावून घेऊ, बदलून टाकू. पाहुणे आले. पूनमचं जमलं. त्या धांदलीत आठ दिवस गेले, बारा गेले.

तेराव्या दिवशी वळसंगच्या पुढं तो पाटा तुटला. मागचा एक्सल सरकला, गाडी रस्ता सोडून कडेच्या चारीत गेली. मागं बकऱ्यांत बिरप्पाची बायको बसली होती, अंबुबाई. ती जागीच गेली.

गाडी ओढून आणायला लोकांनी कुंडलिकलाच बोलावलं. त्यानं तुटलेला पाटा बघितला. ताजं मोडलेलं लोखंड चकचकीत दिसतं. याचं निम्मं तोंड चकचकीत होतं आणि निम्मं काळं. रंग चिरीत उतरला होता. जाणत्या मिस्त्रीनं नुसती नजर टाकली असती तरी कळलं असतं. कुंडलिकनं लोक पांगायची वाट बघितली, तो तुकडा पोत्यात गुंडाळला आणि दुकानामागच्या ढिगात नेऊन पुरला. बिरप्पा रस्त्याच्या कडेला बसून एकच बोलत होता... माल जास्ती भरला, मीच तिला मागं बसवली, मीच मारली. कुंडलिक त्याच्या शेजारी उभा होता. हातभर अंतरावर. बोलायचं तर तिथंच बोलायचं होतं. त्यानं खाली मान घातली.

तर असा माणूस त्या मंगळवारी पाटे घेऊन निघाला होता.

वस्तीवर पोचायला सहा वाजले. अंधारून आलं होतं. एकच घर, पुढं मोकळं अंगण, अंगणात पिकअप. कुत्रं गाडीच्या वासावर धावून आलं आणि भुंकायचं थांबेना. बिरप्पानं त्याला दटावलं, "बर्री मिस्त्री, या," म्हणून कुंडलिकला ओट्यावर बसवलं आणि स्वतःच चूल पेटवून चहा केला. आठ महिन्यांत माणूस दहा वर्षांनी उतरला होता.

मग काम सुरू झालं. बोल्ट गंजून धरले होते. डिझेल सोड, घण घाल, परत डिझेल सोड. डावी बाजू व्हायलाच नऊ वाजले. मधे आठाला लाईट गेली, ती गेलीच. बिरप्पा बॅटरी धरून उकिडवा बसला होता. पावणेदहाला रानातून फोन आला. मेंढरं एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी बसवली होती, तिकडं लांडगा फिरत होता. बिरप्पानं काठी घेतली, बॅटरी एका दगडावर टेकवून ठेवली, अर्ध्या तासात येतो म्हणाला आणि गेला.

कुंडलिक उजव्या बाजूला गेला; तिकडचे बोल्ट दोघांनी नवापासून ढिले करून ठेवले होते. जॅक सरकला तरी गाडी अंगावर येऊ नये म्हणून लावायचे ठोकळे अजून डावीकडंच होते. उठून आणायचे, परत लावायचे... त्याला लवकर आटपून तिथून जायचं होतं. नुसत्या जॅकवर गाडी उचलली आणि खाली शिरला. नवा संच वर चढवला, जागेवर आणला. बोल्ट आवळायचे तेवढे राहिले. तेवढ्यात दगडावरची बॅटरी मंद झाली. मग विझली.

एकादशीचा अंधार. चंद्र उगवायला पहाट. खाली पाठ टेकलेली, तोंडावर वीतभर, छातीवर बोटभर अंतरावर लोखंड. कुंडलिक हातानं पाना चाचपत होता. मोबाईल काढून बघितलं, दहा वाजून वीस मिनिटं. तो उजेडासाठी वर धरायचा, तर चार्जिंग संपत आलेलं.

आणि गाडीच्या बाजूनं उजेड आला.

"बॅटरी धरते मी," बाईचा आवाज आला. "करा तुमी."

गाडीखालून माणसाचे पायच दिसतात. बाईचे पाय होते. टाचांना भेगा, बोटांत जोडवी, लुगड्याच्या काठाला गवताची कुसळं चिकटलेली. शेजारच्या वस्तीवरची कुणीतरी असेल, घणाचा आवाज ऐकून आली असेल, असं त्याला वाटलं. बरं झालं म्हणाला आणि पाना लावला.

उजेड नेमका पडत होता. ज्या बोल्टला हात घालावा त्याच्यावर. थोडं इकडं, असं म्हणायला तोंड उघडावं तर उजेड आधीच सरकलेला. हात हलत नव्हता तिचा. जराही नाही.

संध्याकाळपासून भुंकणारं कुत्रं आलं. त्या पायांपाशी बसलं. तोंड पायांवर ठेवून पडून राहिलं.

"आदीचा पाटा तुमीच घातला हुता न्हवं?"

कुंडलिकचा हात थांबला. "व्हय."

"नवा हुता?"

त्यानं पाना दुसऱ्या हातात घेतला.

"काळा दिसत हुता. नव्यावानी."

पाना हातातच होता. कपाळावरून घाम कानात उतरत होता.

"रंग वला हुता," ती म्हणाली. "वल्या रंगाचाच पाटा बसवला तुमी."

हे कुणाला माहीत नव्हतं. बिरप्पा त्या वेळी चहाला गेला होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. केराबाईला कधी सांगितलं नव्हतं. देवापुढंसुद्धा कुंडलिकनं ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं.

त्यानं पुन्हा पायांकडं बघितलं. नीट बघितलं.

पाय हलले. कुत्रं उठून मागं झालं. पाय चालत गेले... जॅककडं.

उजेड गेला.

अंधारात जॅकचं दांडकं वाजलं. एकदाच.

गाडी बोटभर खाली आली.

कुंडलिकच्या छातीला लोखंड लागलं. थंडगार. बाहेर सरकायला जागा नव्हती. पाय आतल्या बाजूला, पाठ मातीत. ओरडावं तर ऐकणार कोण.

दांडकं परत वाजलं नाही. तिचा हात त्यावर आहे, एवढं मात्र त्याला कळत होतं.

वाट बघत होती ती.

"चीर हुती," कुंडलिक म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "मला दिसली हुती. मी तिच्यावर रंग फासला. घाई हुती मला... घरी पाव्हणं यायची हुती. तुटल्याला तुकडा बी मीच लपवला. भार जास्ती नव्हता. बिरप्पाचं काय चुकलं नव्हतं. तुमचं बी न्हाय."

काही नाही.

काहीच नाही...

मग दांडकं वाजलं. पुन्हा वाजलं. सावकाश, एकेक करून. छातीवरचं लोखंड वर गेलं. पाय परत आले, होते तिथं उभे राहिले. उजेड बोल्टवर पडला.

"आता नीट आवळा," ती म्हणाली. "आन् त्यास्नी बी सांगा."

त्यानं चारही नट आवळले. एकेक नट दोन-दोनदा तपासला. शेवटचा झाला आणि उजेड गेला. तो सरपटत बाहेर आला. अंगणात कुणी नव्हतं. कुत्रं रानाकडं तोंड करून बसलं होतं.

बिरप्पा अकराला आला. कोण आलं होतं का इकडं, असं कुंडलिकनं विचारलं. बिरप्पा म्हणाला, हितं कोन येनार, म्होरली वस्ती दोन मैलावर.

कुंडलिकनं त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिरीपासून पोत्यातल्या तुकड्यापर्यंत. गाडीखाली काय झालं तेवढं सांगितलं नाही. ते पुढं करून सुटका मागितल्यासारखं झालं असतं, असं तो म्हणतो.

बिरप्पा पिकअपच्या मागच्या फळीला टेकला. फेटा काढून हातात घेतला.

"आट म्हैनं मी निजलो न्हाय, मिस्त्री."

कुंडलिक तिथंच उभा.

"जावा तुमी आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिकनं ढिगातून तो तुकडा उकरून काढला आणि ठाण्यात जाऊन जबाब दिला. केराबाई आणि पूनम दोघींना आदल्या रात्रीच सांगून झालं होतं. केराबाई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. केस अजून चालू आहे, तारखेला जाऊन बसतो. पुढं काय होईल ते होईल. दुकानात आता जुना पाटा विकत नाही, कुणी कितीही घाई करो. रात्री झोप लागते का, विचारलं होतं एकदा. म्हणाला, लागते, पण पाठीवर निजता येत नाही. तोंडावर लोखंड असल्यासारखं वाटतं.

बिरप्पा वर्षभर दुकानाकडं फिरकला नाही. कुंडलिकनंही अपेक्षा धरली नव्हती.

यंदा दिवाळी झाल्यावर एक दिवस पिकअप दुकानापुढं येऊन थांबली. भर दुपार होती. बिरप्पा उतरला. बसा म्हटलं तर बसला नाही, चहालाही नको म्हणाला. मागनं आवाज येतोय, दोन्ही बाजू उघडून बघा, एवढंच बोलला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

कुंडलिकनं गाडी उचलली. ठोकळे लावले, दोन्हीकडं. आधी डावा संच उघडला. पट्ट्यांच्या मधे वर्षाची धूळ, काळं पडलेलं ग्रीस. ठीक होतं सगळं. पुसून परत आवळला.

मग उजवा सोडवला. त्या रात्री आवळलेले नट तसेच होते, त्यानंतर पाना लागल्याची एक खूण नव्हती. मेन पाटा नि त्याखालचा पाटा, मधे कागद सरकणार नाही एवढे घट्ट बसलेले. पहार घालून त्यानं ते वेगळे केले आणि मेन पाटा उलटा धरला.

बिरप्पा दोन पावलं पुढं आला. दोघांनी मिळूनच बघितलं.

आतल्या अंगाला, भोकाच्या शेजारी, नवीन गाडीवर ओढतात तशी कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. बारीक, बाईमाणसाची. धूळ नाही, ग्रीस नाही.

कुंडलिकनं एका बोटाला हात लावला.

कुंकू ओलं होतं.