नापास झालेली निळी गाडी

“माझ्या गाडीचा खून झालाय,” मॅन्युएल सिल्व्हेरा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. “आणि आता ती रस्त्यावर फिरतेय.”

वेंडेल प्रुइटने कॉफीचा कप खाली ठेवला. “म्हणजे भूत?”

“तू गप्प बस,” अराक्सी बेद्रोसियान म्हणाली.

अराक्सीने वीस वर्षं एका विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते. आता फ्रेस्नोत तिचं स्वतःचं छोटंसं ऑफिस होतं. वेंडेल हा तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा, निवृत्त पोस्टमन. गाडी तो चालवायचा, आणि गैरसमजही बहुतेक तोच करून घ्यायचा.

सिल्व्हेरा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सारा जन्म हॅनफर्डला गाईम्हशींच्या नाही, नुसत्या गाईंच्या शेणात गेला, असं ते स्वतःच सांगत. गाडी दोन हजार एकची, निळी. दर दोन वर्षांनी होणाऱ्या धुराच्या चाचणीत ती गेल्या महिन्यात नापास झाली. चाचणी नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी दारातच सडायची.

“धूर गाळणारं यंत्रच मेलंय म्हणे. अठ्ठावीसशे डॉलरचा खर्च. म्हटलं, दान करून टाकू. गरिबांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं फुकट ओढून नेली. आणि परवा तीच गाडी माझ्या नाकासमोरून गेली! तो चाचणीवाला आणि तो संस्थावाला, दोघांची मिलीभगत आहे. सोमवारी सरकारात तक्रार देतोय. पण मला गाडी परत हवी, बाई. ती नाही तर मी घरात ठेवलेलं पोतं आहे.”

“नंबर बघितलात?”

“नंबर कशाला? बेकरीपुढच्या बाकावर बसलो होतो. मागच्या डाव्या चाकाची कुरकुर मी झोपेतही ओळखेन.”

“चाचणीच्या दिवशी गाडीत काही वेगळं वाटलं?”

“रेडिओसुद्धा उलटला होता. माझं पोर्तुगीज स्टेशन लागेचना. नुसती खरखर.”

“आणि चाचणीचा कागद? तुम्ही वाचलात?”

“बायकोनं, फिलोमेनानं वाचून दाखवला. माझा चष्मा सापडत नव्हता.” चष्मा त्यांच्या गळ्यात मळकट दोरीला लटकत होता. अराक्सीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दुपारी दोघं त्यांना घरी सोडायला गेले. कोपऱ्यावर, शाळेच्या बसथांब्याला लागून, वेंडेलने गाडी हळू केली.

“शेजाऱ्यांनी टपालपेटी बदलली वाटतं. सिमेंट अजून पांढरं आहे. अकरा वर्षं इथं हिरवी पेटी होती. मी स्वतः टपाल टाकलंय तिच्यात.”

“कोणीतरी उडवली,” सिल्व्हेरा म्हणाले. “आजकालची पोरं कशीही हाकतात.”

फिलोमेना सिल्व्हेरा बुटकी, कामसू बाई होती. तिने गोड पाव कापून पुढे केला. “सोडा ना तो नाद,” ती अराक्सीला म्हणाली. “गाडी गेली. कुणाच्या तरी उपयोगी पडली. यांना काय, भांडायला निमित्त हवं.”

“बघितलंत?” नवरा म्हणाला. “घरातच फितुरी!”

निघताना वेंडेलची गाडी सुरूच होईना. फिलोमेना पाना घेऊन आली. तिने बॅटरीची तार सोडवली, टोकावरचा पांढरा थर खरवडला, तार परत आवळली. “डेअरीवरचे ट्रॅक्टर कोण सांभाळायचं, वाटलं तुम्हाला?” ती हसली. गाडी लगेच सुरू झाली.

वाटेत वेंडेल करवादला. “घड्याळ बारावर आलं की. रेडिओची सगळी स्टेशनंही गेली.”

अराक्सी खिडकीबाहेर बदामाच्या बागा बघत राहिली.

चाचणीवाला पाओ शाँग पहिल्यापासूनच फुगलेला होता. “मी कुणाचं काही खाल्लेलं नाही. मशीन सांगतं ते मी छापतो. म्हातारा बाहेर बसला होता. गाडी का नापास झाली, ते मी बाईंना काउंटरवर नीट समजावलं.”

“पूर्वी कधी आले होते?”

“दोन वर्षांपूर्वी. तेव्हाही पहिल्यांदा नापास. आदल्या दिवशीच नवी बॅटरी टाकली होती. आठवडाभर गाडी फिरवून आणा म्हटलं. आणली, पास झाली. या वेळी मात्र परत आलेच नाहीत.”

“आणि संस्थेच्या गाड्या?”

“त्याही माझ्याकडेच येतात.” पाओने नजर चुकवली. “स्वस्तात करून देतो. हा काय गुन्हा आहे?”

“हा घ्या चोर!” बाहेर येताच वेंडेल म्हणाला. अराक्सी तोवर गाडीत बसलीही होती.

संस्थेचा कॉर्लिस बीमर डबाबंद अन्नाच्या खोक्यांमध्ये उभा होता. दुरुस्तीला किती लागले, या प्रश्नावर तो चाचरला.

“काहीच नाही. आमच्या माणसानं आठवडाभर त्याच गाडीतून घरोघर अन्न पोचवलं. मग पाओकडे नेली, पास झाली. आता ती एका बाईला दिलीय. रोज सत्तर मैलांवर कामाला जाते ती. गाडी ठणठणीत होती हो. पुढच्या बंपरवर तेवढा हिरवा रंग घासलेला. कुणीतरी पुसायचा प्रयत्न केला होता.”

सोबत आलेला चाचणीचा कागद त्याने काढून दिला. वेंडेलने मोठ्याने वाचला. “नापास. कारण, गाडीच्या संगणकाची स्वतःची तपासणी अपूर्ण. झालं तर! नापास म्हणजे नापास.”

“चल,” अराक्सी म्हणाली. “हॅनफर्डला.”

स्वयंपाकघरात चौघं टेबलाभोवती बसले. सिल्व्हेरांनी तक्रारीचा अर्ज पुढ्यातच ठेवला होता.

“तो फाडा,” अराक्सी म्हणाली. “तुम्हाला कुणी लुबाडलेलं नाही. धुराचं यंत्र मेल्याचा एक शब्दही कागदावर नाही. बॅटरी काढली की गाडीचा संगणक सगळं विसरतो. घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि स्वतःची तपासणीसुद्धा. आठवडाभर फिरवली की पुन्हा ताळ्यावर येतो. फिरवायच्या आधी चाचणीला नेली तर नापास. संस्थेनं तेवढंच केलं, गाडी फिरवली.”

“पण बॅटरी कोण काढणार?”

“ज्याला पाना धरता येतो. दोन वर्षांपूर्वीचा अनुभव ज्याच्या लक्षात आहे. काउंटरवर खरं कारण ज्यानं ऐकलं आणि घरी येऊन तुम्हाला वेगळंच वाचून दाखवलं.”

सिल्व्हेरांनी वळून बायकोकडे पाहिलं. फिलोमेना टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती.

“तिनं असं का करावं?” त्यांचा आवाज चढला.

“कारण चष्मा तुमच्या गळ्यातच असतो. तो घालूनही तुम्हाला कागद वाचता येत नाही. नाकासमोरून गेलेली गाडी तुम्ही कुरकुरीवरून ओळखता. आणि बंपरवरचा हिरवा रंग कोपऱ्यावरच्या टपालपेटीचा आहे.”

“तो कचऱ्याचा डबा होता!” सिल्व्हेरा ओरडले. “फिलोमेना, तूच म्हणालीस, कचऱ्याचा डबा होता!”

“म्हणाले मी,” ती म्हणाली. “मी तुझ्या शेजारीच बसले होते ना. डबा नव्हता तो, मॅन्युएल. रात्रभर झोप लागली नाही मला. आजही लागत नाही.”

“मग सांगायचंस सरळ!”

“चार वेळा सांगितलं, डॉक्टरला डोळे दाखव. तू दार आपटून गेलास, आणि गेलास ते गाडी घेऊनच.”

वेंडेलला कुठे बघावं कळेना. त्याने कप उचलला. तो रिकामा होता.

राग सिल्व्हेरांच्या तोंडावर दिसत होता, पण तो कुणावर काढावा हेच त्यांना समजत नव्हतं.

“किती वाजले होते तेव्हा?” त्यांनी शेवटी विचारलं.

“पावणेआठ.”

“म्हणजे बसची वेळ.”

“हो.”

“थांब्यावर पोरं होती?”

फिलोमेनाने होकारार्थी मान हलवली. “तिघं. आणि गल्लीतल्या सूझाची धाकटी मुलगी. ती पेटीला टेकून उभी होती. खाली पडलेली टोपी उचलायला दोन पावलं बाजूला गेली, म्हणून वाचली.”

सिल्व्हेरांनी मागच्या खिशातून पाकीट काढलं. गाडी चालवायचा परवाना बाहेर काढायला त्यांना वेळ लागला. तो त्यांनी टेबलावरून बायकोकडे सरकवला.

“ठेव तुझ्याजवळ,” ते म्हणाले. “उद्या मी मागेन. शिव्याही देईन. तरी देऊ नकोस.”