उजवा खिसा

"तिला वाटलं होतं, परत आल्यावर लोक तिची विद्या ओंजळीत झेलतील. लांबच्या मोठ्या कॉलेजात शिकली होती ना! तिथे प्रयोगशाळेत वायरीसुद्धा शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या. इथे मिळालं काय? आपल्या रुग्णालयाचं हे स्वयंपाकघर, चौदा वर्षांचा तो वाफेचा ओव्हन, आणि दारामागच्या खिळ्यावर बापाचा राखाडी कोट. कोटाचा मालक चार महिन्यांपूर्वीच गेलेला."

म्हातारा आचारी थांबला. मागच्या पायऱ्यांवर नव्याने लागलेली पोरं बसली होती. एकाने विचारलं, "काका, दिवा लावू?"

"कशाला? बटाटे सोलायचेत? बस गुमान. ही ऐकीव गोष्ट नाही. मिस्त्रीच्या पोरीने स्वतः मला सांगितली. आणि थापा मारायला त्या पोरीला कधी सवडच नसते."

मिस्त्री म्हणजे तिचा बाप. रुग्णालयातली विजेची सगळी दुखणी तोच बघायचा. त्याचा एकच नियम होता : फ्यूज खिशात, मगच हात आत. मशीन उघडण्याआधी भिंतीवरच्या बोर्डातल्या चिनी मातीच्या तिन्ही फ्यूज उपटायच्या आणि कोटाच्या उजव्या खिशात टाकायच्या. पाडलेला खटका कुणीही वर करेल, पण दुसऱ्याच्या खिशात हात कोण घालतो?

पोरगी हसायची. "बाबा, जगात याला कुलूप लावतात."

"लावू दे. माझ्या खिशाला राखणदार आहे. मी."

त्यांचं शेवटचं बोलणंही याच ओव्हनवरून झालं, फोनवर. "पोरी, याचा फॉल्ट सापडेना बघ. वीस-बावीस मिनिटं वाफ चालली की खटका पाडतो. थंड झाला की साळसूदासारखा उभा. थंड असताना खोटं बोलतो गं हा. तू ये, दोघं मिळून बघू."

"मॅन्युअल वाचा ना, बाबा. त्यात सगळं असतं. माझी परीक्षा आहे."

"बरं, बरं. परीक्षा दे."

नऊ दिवसांनी तो झोपेतच गेला. तिची परीक्षा झाली. बापाचं तोंड बघायचं राहून गेलं. नंतर आली तीही महिन्याभरासाठी, आवराआवर करायला.

ती रात्र सतरा मार्चची, मंगळवारची. सकाळी सहाला ओव्हन चालू दिसला नाही तर तो भंगारात आणि स्वयंपाक बाहेरच्या कंत्राटदाराकडे, असं रुग्णालयाच्या साहेबांनी सभेत सांगून टाकलं होतं. म्हणजे बारा बायकांचं काम जाणार. पोरगी तिथेच म्हणाली, "मी चालू करून देते." बापाने मागितलेली एक गोष्ट द्यायची राहिली होती, ती तिला द्यायची होती. बाकी कारणं लोकांसाठी.

पावणेबाराला ती एकटी आत आली. कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. पेन्सिलीचा तुकडा निघाला. बाकी खिसा रिकामा. पेन्सिल तिने कानावर खोचली, बापासारखी.

कामाला लागली. ओव्हन थंड होता. फ्यूज काढून टेबलावर ठेवल्या. एकेक हीटर सोडवून मीटरने तपासला. सगळे ठणठणीत. फ्यूज परत लावून वाफ सोडली. बाविसाव्या मिनिटाला खटका पडला. थंड होऊ दिला, पुन्हा तपासला. सगळे ठणठणीत. पुन्हा वाफ, पुन्हा बावीस मिनिटं, पुन्हा खटका. असं करता करता साडेतीन वाजले, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. थंड असताना खोटं बोलतो... मग गरम असतानाच पकडायला हवा!

पुन्हा वाफ सोडली. चार वाजायला चार मिनिटं असताना खटका पडला. आता घाई होती. निवायच्या आत उघडायचं. खटका आपसूक पडलाय म्हणजे वीज बंदच आहे... असं ती धरून चालली.

मागचा पत्रा काढला. वाफ तोंडावर आली. ती आत वाकली.

टक्.

तापलेलं लोखंड निवताना वाजतंच. तिने लक्ष दिलं नाही.

टक्... टक्.

मग काहीच नाही. पाठीला मात्र... कुणीतरी मागून गेल्यासारखी झुळूक.

"बाबा?" तिच्या तोंडून गेलं.

...

ती हसली. डोळे पुसले. दोन्ही हात आत घातले. दोन्ही हातांची बोटं दोन वेगवेगळ्या वायरींवर. अशा वेळी वीज आली तर एका हातातून शिरून दुसऱ्यातून जाते; त्या खटक्यालाही माणूस वाचवता येत नाही.

मागे खट् झालं.

"अगं पोरी, खटका पडला होता की तुझा! केला बघ वर," सकाळचं दूध गॅसवर चढवून स्वयंपाकातली मावशी बोर्डापाशी उभी होती. "पहाटे पहाटे काय करतेस ओव्हनमागे?"

पोरगी हलली नाही. हात आतच. श्वास नाही. काही नाही.

काहीच झालं नाही.

बऱ्याच वेळाने तिने हात बाहेर काढले. बोर्डाकडे पाहिलं. तीन खाचा. तिन्ही रिकाम्या.

"मावशी... फ्यूज तुम्ही काढल्या?"

"मी? मला त्यातलं काय कळतंय, बाई!"

टेबलावर नव्हत्या. जमिनीवर नव्हत्या. ती दारामागे गेली. कोटाचा उजवा खिसा... जड.

तीन फ्यूज. कोमट. अंगावरच्या खिशातून काढाव्यात तशा.

ती तिथेच कोटात तोंड खुपसून उभी राहिली. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. दूध उतू गेलं तरी काढला नाही.

मग तिने तिन्ही फ्यूज मुठीत धरल्या आणि पुन्हा आत पाहिलं. हीटरच्या बुडाचं रबर चिरलं होतं. तापलं की फट उघडायची आणि वाफ थेट जोडणीवर बसायची. निवलं की फट मिटायची, पाणी सुकायचं. जोडणीवर एक थेंब अजून चमकत होता. रबर बदललं. सहाला दोनशे अंडी वाफेवर होती.

आचाऱ्याने पाय लांब केले. पोरं पुढे सरकली.

"मग?"

"मग काय? सकाळी नऊला साहेबांच्या टेबलासमोर उभी. 'मिस्त्रींची जागा भरली का? नसेल तर मला द्या.' परतीचं तिकीट तिथेच फाडलं. तोच कोट घालते आता. आपल्या फ्यूज डाव्या खिशात टाकते. उजवा मोकळा ठेवलाय. कधी काही ठेवत नाही त्यात."

तो उठला, गुडघे चोळले.

"कोट आतच आहे, खिळ्यावर. पण उजव्या खिशात हात घालू नका रे... कधीकधी कोमट असतो."