फुली मारलेली नावं

महिपत दोन रात्री जागून खेडहून थेट रत्नागिरीत उतरला, तेव्हा त्याला फक्त पाठ टेकायला जागा हवी होती. पण इस्पितळातला कॉम्प्युटर बिघडलेला, आणि अठ्ठ्याऐंशी साली ते काम जाणणारा जिल्ह्यात दुसरा शोधायचा तरी कुठं! वैशाखातली टळटळीत दुपार, खोलीभर फिनेलचा वास, वर कुरकुरणारा पंखा. आदल्या दिवशी रक्तदात्यांच्या यादीत नाव चढवता चढवताच लाइट गेले होते आणि फाइलचं जे डोकं फिरलं, ते आता काही केल्या उघडेना.

दाराशी रावजी उभा होता. त्याची बायको मैना सकाळी बाळंत झालेली. मुलगी ठणठणीत, पण मैनाचं रक्त थांबत नव्हतं. तिचा गट ओ निगेटिव्ह. तसल्या रक्ताची माणसं कोण नि कुठं, ते फक्त त्या यंत्राला ठाऊक. जुनी वही वाळवीनं कधीच खाल्ली होती.

"मिळंल ना हो, दादा?"

महिपत यंत्रापुढं बसला. फाइलच्या सुरुवातीला एकूण नावांचा आकडा असतो, तोच बिघडलेला. तो त्यानं हातानं दुरुस्त केला. यादी उघडली, पण एकोणचाळीस नावांपुढं फुली. फुली म्हणजे खोडलेलं नाव. एरवी ते दिसत नाही, फाइलमध्ये मात्र जागच्या जागी पडून राहतं. आता या फुल्या मोडतोडीत पडल्या की कुणी मुद्दाम मारल्या, हे विचारायला नको होतं का? पण यादी सांभाळणाऱ्या सगुणा सिस्टर मैनापाशी अडकलेल्या, आणि महिपतचे डोळे झोपेनं मिटत होते. त्यानं एका हुकमात सगळ्या फुल्या उडवल्या.

ओ निगेटिव्हमध्ये एकच नाव निघालं. गंगाराम, गुहागर. चिठ्ठी घेऊन रावजी पोस्टात ट्रंक कॉल लावायला पळाला. गुहागर म्हणजे मध्ये खाडी. निरोप पोचला तरी माणूस यायला संध्याकाळ. महिपतला वाटलं, बाई काही वाचत नाही. आणि त्यातही मनात आलं, आता तरी झोपता येईल. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

दहा मिनिटंही झाली नसतील.

"बोलावलंत…?"

दारात पन्नाशीचा माणूस. नाव विचारलं तर गंगाराम. आला असेल बापडा इथंच काही कामाला, असं म्हणून महिपतनं त्याला रक्त घेणाऱ्याकडं नेलं. तो पोरगेला माणूस महिन्यापूर्वीच कामाला लागलेला. त्यानं तपासलं, जुळलं, बाटली भरली. हात फार गार लागला हो, एवढंच म्हणाला. गंगाराम चहाही न घेता गेला.

तासाभरानं रावजी घामाघूम होऊन परतला. गुहागरची लाइनच बंद, कॉल लागलाच नव्हता. पण बाटली चढली नि मैना डोळे उघडून बोलली हे ऐकलं, तसा तो ढसाढसा रडला. कॉलचं तो विसरूनच गेला. महिपतच्या डोक्यातून मात्र ते जाईना.

संध्याकाळी सगुणा सिस्टर हात पुसत आल्या. बाटलीसोबतचा दात्याच्या नावाचा कागद पाहिला आणि नावावर बोट ठेवलं.

"हे नाव कुठून काढलंत?"

त्यानं सांगितलं.

"गंगारामभाऊंना जाऊन दोन वर्षं झाली. दाता वारला की फुली मारायची, ही माझीच पद्धत… किती उडवल्यात?"

"सगळ्या… एकोणचाळीस."

मग घाला परत सगळ्या, असं त्या कशाबशा म्हणाल्या. महिपतची बोटं कळांवर टेकताहेत तोच आतून डॉक्टरांचा निरोप आला. अजून एक बाटली हवी, नाहीतर मैनाचं खरं नाही.

सिस्टरनी डोळे मिटून घेतले.

"जित्या माणसाचं एका दिवसात दोनदा घेता येत नाही…" त्या अगदी हळू म्हणाल्या. "बाकीच्यांना फुली मारा. यांचं नाव… राहू द्या."

एवढ्यात रावजीनं पडदा सारून आत डोकं घातलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"सिस्टर, वऱ्हांड्यातलं बाकडं भरलंय बगा. बाया, बापये… कुणी बोलत नाय, सगळे हात पुढं करून बसलेत. आता मैनाला कमी नाय पडायचं."