सोनेरी खुंटी

कांचघर भागातल्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भानुमतीबाईंसमोर दोन खुंट्या ठेवल्या. जबड्यात बसवलेल्या स्क्रूवर त्यांतली एक चढणार, तिच्यावर दाताची कॅप. दोन्ही टायटॅनियमच्या, एक राखाडी, दुसरीवर सोनेरी मुलामा. मुलाम्यामुळे हिरडी काळपट दिसत नाही म्हणे.

"सोनेरीच बसवा. मी गेल्यावर तोंडात सोनं घालायचं कोणाच्या ध्यानात राहीन?"

"माताजी, असली सोना नहीं है. बस, रंग है."

"चालते. यमाकडे काय सोनार बसला आहे?" त्या हसल्या.

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हा त्यांच्या तोंडात तुळशीचं पान, सोन्याचा कण अन् नर्मदेचं पाणी भानुमतीबाईंनीच घातलं होतं. नवऱ्यामागे अंगणातली तुळसही वाळली. पुन्हा लावली नाही.

खुंटी बसवल्याच्या आठव्या दिवशी तोंडाला वास सुरू झाला. नर्मदेवरल्या ग्वारीघाटाच्या पायरीवर कुजत पडलेल्या निर्माल्याचा. त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या, लवंगा चघळल्या. थुंकी हिरवट यायची, तार धरून लोंबायची. वरणभात ओल्या राखेसारखा लागायचा. सून दीपा नाकाला ओढणी लावून वाढायची, तेही सोसलं. पण पाच वर्षांची समृद्धी, आजीच्या हातचाच घास खाणारी, एक दिवस भडाभडा ओकली.

"आजी, तू दूर बैठ. बास येऊन राहिली."

त्यानंतर ती मांडीवर आलीच नाही.

भानुमतीबाई पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी कॅप काढली आणि क्षणभर तोंड फिरवलं. मग हिरडीतून चिमट्याने काहीतरी ओढून ट्रेवर उलगडलं.

तुळशीचं पान. हिरवंगार.

"तुलसी चबाती हैं?"

"आमच्या घरी तुळसच नाही."

खुंटीच्या मुलाम्याचा एक टवका उडालेला होता. डॉक्टरांनी खूप शोधला, सापडला नाही. राखाडी खुंटी बसली आणि वास गेला.

घरी समृद्धीने आधी दुरूनच हुंगलं. मग जवळ आली, हळूच मांडीवर बसली. भानुमतीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी भात कालवला.

एक घास. दुसरा.

तिसऱ्याला पोर थांबली. तोंडात जीभ फिरवली, तळहातावर थुंकली.

"आजी, हे काय?"

दुमडलेलं, ओलं पान.

भानुमतीबाईंनी नखाने उघडलं. आत सोनेरी टवका.

"आजी, घास दे ना." समृद्धीने आ केला.

भानुमतीबाईंचा हात आपोआप नाकावर गेला.